उचलण्याची विद्या



इतिहासावर बोलण्यासाठी चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी मुळशी सत्याग्रहावर बोलेन असेच त्यांना वाटले असावे. मुळशीच्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करायची? 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाचे काम अडवले, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालेच. हा इतिहास आपण ऐकलेला आहे. हल्ली तर मुळशीचे नाव काढले की जमिनीचे सौदे आणि त्यांवरचा सिनेमा एवढेच लोकांना आठवते. मी आज त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. माणूस वजन कसे उचलतो, उचलता उचलता त्याची पाठ कशी धरते, आणि एकदा धरलेल्या पाठीने तो पुन्हा वजनाकडे कसा वळतो, हा माझा विषय आहे. विषय तालमीचा वाटेल. पण कामगार संघटनेचे काम करीत मी जी तीस वर्षे काढली, त्यांत हा प्रश्न माझ्यापुढे शंभरदा आला आहे. त्याआधी तो माझ्याच कमरेत आला. शाळा दहावीपाशी सुटली. पुढचे वाचन ग्रंथालयांतल्या बाकांवर झालेले आहे, तेव्हा काही उणे राहिले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या तालुक्यात गाव म्हटले की मारुती आला, मारुतीच्या शेजारी तालीम आली, आणि पुष्कळ ठिकाणी पाराजवळ एक गोटी आली. गोटी म्हणजे वाटोळा, गुळगुळीत झालेला दगड. यात्रेच्या दिवशी पोरांनी ती उचलायची. कोणी गुडघ्यापर्यंत नेई, कोणी छातीपर्यंत, एखादाच खांद्यावरून मागे टाकी. या भागाला कुस्तीचे वेड जुने. मामासाहेब मोहोळ मुळशीतल्या मुठे गावचे. 1953 साली राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. 1961 पासून ‘महाराष्ट्र केसरी’ची परंपरा सुरू झाली, त्या विजेत्याच्या खांद्यावर जी गदा येते ती मोहोळ घराण्याकडून दिली जाते. 2025 साली ही गदा मुठ्याच्याच पृथ्वीराज मोहोळ यांनी जिंकली, तेव्हा आमच्या पंचक्रोशीत किती पेढे वाटले गेले असतील याचा हिशेब नको. अशा मुलखात वाढलेल्या पोराला बळ म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. गोटी कुठपर्यंत गेली, ते बळ.

आता गोटीत एक खोट आहे. ती मला फार उशिरा कळली. गोटीचे वजन कमी करता येत नाही. सोळा वर्षांच्या पोराला तीच गोटी, तिशीतल्या गड्याला तीच, आणि चार महिने आजारात काढून उठलेल्यालाही तीच. ती उचलली किंवा नाही उचलली, एवढेच दोन निकाल. मधले काही नाही.

वस्ताद लोकांना ही खोट ठाऊक होती, म्हणूनच तालमीतली खरी मेहनत गोटीवर नव्हती. जोर-बैठका गणतीने वाढवायच्या. मुद्गलांच्या जोड्या हलक्यापासून जडपर्यंत ओळीने भिंतीशी उभ्या. नाल आणि करेला नंतर, अंग तयार झाल्यावर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नावारूपाला आणली, तिच्यातही हाच विचार दिसतो. समोरचा मल्ल अंगावर येण्याआधी पकड, पेच आणि अंगाची वळणे मुकाट्याने उभ्या असलेल्या खांबावर घोटून घ्यायची. खांब उलटा डाव टाकीत नाही. चुकीला तेथे जागा असते.

ढब म्हणजे काय हे कळायला जेजुरीचा खंडा पाहावा. दसऱ्याला गडावर खंडोबाची तलवार हाती धरण्याची चढाओढ लागते. तिचे वजन 42 किलो. मार्केट यार्डातला हमाल याच्या दुपटीहून जड पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढत आलेला आहे; पण हाच खंडा त्याला हात लांब करून धरायला सांगा, थोड्याच वेळात हात थरथरू लागेल. लोखंड तेच, फरक अंतराचा. वजन अंगापासून जितके लांब, तितका कण्यावर आणि खांद्यावर त्याचा भार वाढतो. विहिरीवरच्या ओकतीत किंवा पहारीने दगड उलथताना आपण हाच नियम वापरतो, फक्त येथे तो आपल्यावर उलटतो. स्वीडनमधले अस्थितज्ज्ञ नाकेम्सन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा बसल्यावर तो अधिक भरला, आणि हातात वजन घेऊन पुढे वाकल्यावर तो फारच वाढला. चांगला हमाल पोते पाठीच्या वरच्या भागावर घेतो, खालच्या नाही. त्याने नाकेम्सन वाचलेले नसतात.

माझे सांगतो. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होतो. नाव सांगत नाही. आता तेथे दुसरेच मालक आहेत. एके सकाळी बिडाचा एक तुकडा, चाळीसेक किलोचा असेल, मी टेबलावरून उचलून बाजूच्या गाड्यावर ठेवायला गेलो. पाय जागेवर, वळलो फक्त कमरेतून. कमरेत वीज चमकल्यासारखे झाले आणि मी तसाच खाली बसलो. त्या वजनाच्या दीडपट गोटी मी यात्रेत खांद्यावर घेतलेली होती! लाज अधिक वाटली की दुखले अधिक, आज सांगता येणार नाही. दहा दिवस अंथरुणावर काढले. अकराव्या दिवशी दाखला मिळाला, ‘कामावर हजर होण्यास योग्य’. हजर झालो, तर तोच तुकडा, तोच गाडा. तीन आठवड्यांत पुन्हा आडवा पडलो, आणि या वेळी डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या.

अंथरुणावरच्या त्या अडीच महिन्यांत माझ्या वाचनाची सुरुवात झाली. पुण्याच्या एका ग्रंथालयात ‘व्यायाम ज्ञानकोश’ हाती आला. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 1936 पासून 1949 पर्यंत खपून दहा खंडांत तो पुरा केला. एका माणसाने मराठीत व्यायामाचा एवढा कोश करावा, आणि आपल्यापैकी शंभरातल्या दोघांनाही त्याचे नाव ठाऊक नसावे! बडोद्याचेच प्रोफेसर माणिकराव. जुम्मादादांच्या आखाड्यातला हा शिष्य पुढे सयाजीरावांच्या राज्यात राजरत्न झाला, आणि सामुदायिक व्यायामाला त्याने शिस्त आणली. पण माझे लक्ष गेले ते दुसऱ्या गोष्टीकडे. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही तितकेच प्रसिद्ध होते. निखळलेला सांधा बसवणारा हात आणि जोर काढून घेणारा हात एकाच माणसाचा. तालमीत ही जोडी नवी नव्हती. मुरगळलेला पाय वस्तादानेच चोळायचा, आणि तो पाय पुन्हा हौद्यात केव्हा उतरवायचा हेही त्यानेच ठरवायचे. पुढे शहरात हे दोघे वेगळे झाले. दवाखाना एका गल्लीत आणि व्यायामशाळा दुसऱ्या गल्लीत. मधल्या रस्त्यावर दुखणाईत एकटा.

लोखंडाचा इतिहास याच सुमाराचा. युजेन सँडो या जर्मन बलवानाचे वेड हिंदुस्थानात पोचले, आणि 1904-05 च्या सुमारास तो स्वतः येथे येऊन खेळ करून गेला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा झेंडा हाती घेण्याआधी सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने मेहनत केली होती. 1902 साली फिलाडेल्फियाच्या अॅलन कॅल्व्हर्ट यांनी एक कंपनी काढली आणि वजन कमीजास्त करता येईल असे बारबेल विकायला सुरुवात केली. माझ्या मते गोटीची खोट येथे निघाली. लोखंडाच्या दांडीतून वजन काढता येते. कंपनीला त्यांनी नाव दिले मायलो, क्रोटन या प्राचीन ग्रीक वसाहतीतल्या मल्लाचे. तो म्हणे एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेले तसे त्याचे बळही वाढत गेले, आणि एक दिवस तो पुरा बैल उचलू लागला. व्यायामाच्या पुस्तकांत ही गोष्ट हटकून असते. मी ती वाचली तेव्हा माझ्या मनात वेगळीच शंका आली. सहाव्या महिन्यात मायलोची पाठ धरली असती तर? हा अंथरुणावर, आणि वासरू गोठ्यात चरून वाढतेच आहे. दोन महिन्यांनी हा उठणार तो हलक्या वासरासाठी नव्हे. त्याच्यापुढे आता बैलच उभा.

या शंकेचे उत्तर मला सापडले ते अमेरिकेतल्या एका लष्करी डॉक्टरच्या कामात. थॉमस डिलॉर्म हा अलाबामाचा. लहानपणी संधिवाताच्या तापाने कित्येक महिने अंथरुणावर पडला होता. उठल्यावर वजने उचलून त्याने अंग पुन्हा कमावले. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात तो काम करू लागला, तेव्हा गुडघे निकामी झालेल्या शिपायांनी खाटा भरलेल्या होत्या. दुखऱ्या अवयवाला हलका व्यायाम द्यावा, पुष्कळ वेळा द्यावा, अशी त्या वेळची रीत होती. त्यात दिवस जात, पण मांडी भरत नसे. डिलॉर्मने तळव्याला लोखंडी बूट बांधला आणि उलट बाजूने विचार केला. हा माणूस आज जास्तीत जास्त किती वजन बरोबर दहा वेळा उचलू शकतो? ते आजचे माप. त्याच्या निम्म्याने दहा वेळा, पाऊणने दहा वेळा, मग पुऱ्याने दहा वेळा, आणि आठवड्याने माप पुन्हा घ्यायचे. 1945 साली त्याने हे प्रसिद्ध केले. तीन फेऱ्यांची ही रीत 1948 च्या सुमारास ठरली. आज कोणत्याही जिममध्ये ‘दहाचे तीन सेट’ म्हणून जे ऐकू येते, त्याचे मूळ त्या रुग्णालयात आहे. युद्धाआधी शिपाई किती उचलत असे, हे त्या मापात कोठेच येत नाही.

माझ्या गावातल्या वस्तादांनी हे नाव ऐकलेले नव्हते. तीन महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला मुद्गलाला हातही लावू दिला नाही. एक वेळूची काठी दिली, माथा, पाठ आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी टेकवून धरायला सांगितली, आणि म्हणाले, “आता वाक. काठी सुटली की थांब.” मी वाकलो, आणि एका विताच्या आत काठी पाठीपासून सुटली. पंधरा वर्षे मी जे वाकणे समजत होतो ते कमरेचे कुबड काढणे होते. खुब्यातून वाकायला मला सहा आठवडे लागले. शेजारी पोरे नाल उचलीत आणि मी काठी घेऊन वाकतो आहे! दोघे-तिघे हसत. वस्ताद एकदाच बोलले, “तू काय उचलत होतास ते विसर. ते दुसऱ्याचे होते असे समज.” पुढे काठीच्या जागी पाण्याची कळशी आली, मग अर्धी वाळूची पाटी, मग पुरी. प्रत्येक वेळी पाय आधी ओझ्याजवळ, ओझे अंगाजवळ, वळायचे ते पावलांनी. श्वास केव्हा धरायचा, केव्हा सोडायचा. वर्षभराने मी साठ किलो उचलले. पन्नाशीनंतर पौड रस्त्यावरच्या एका जिममध्ये खऱ्या बारबेलला हात लावला, तेव्हा तेथल्या तरुण शिक्षकाने विचारले, “काका, कोणाकडे शिकलात?” हे मला कोणत्याही सत्कारापेक्षा गोड वाटले, हे कबूल करतो.

सगळ्यांना असा वस्ताद भेटत नाही. खाशाबा जाधव 1948 साली लंडनला सहावे आले, 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या ऑलिंपिकआधी गुडघा दुखावला, आणि ती कारकीर्द तेथे संपली. दुसरीकडे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. सैन्यातला हा मुष्टियोद्धा 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला, कंबरेखालचे बळ गेले. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात 37.33 सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक घेतले. ते पुढे पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. पाणी अंगाचा भार आपल्यावर घेते. तेथे उरलेल्या बळापासून सुरुवात करता येते. त्यांना पुन्हा ठोशांच्या रिंगणात उभे करण्याचा हट्ट कोणी धरला असता तर काय झाले असते, ते सांगायला नको.

आता मी माझ्या मूळ जागी येतो. खेळाडूला, शिपायाला, हौसेने जिमला जाणाऱ्याला दांडीतून वजन काढता येते. पोट भरण्यासाठी उचलणाऱ्याला मात्र आजही गोटीच आहे. शंभर किलोचे पोते हे शंभर किलोचेच. टोळीत पाच जण, थप्पी लागलीच पाहिजे, आणि मजुरी नगावर. पाठ धरलेला सहावा बसला तर त्याचा वाटा बुडतो. म्हणून तो चौथ्या दिवशी कमरेला पंचा आवळून येतोच. पुण्यात बाबा आढाव नाना पेठेत दवाखाना चालवीत आणि हमालांच्या पाठी तपाशीत. तेथूनच हमाल पंचायतीची आणि पुढे पोत्याचे वजन कमी करण्याची मागणी उभी राहिली. 1969 साली माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत उभी केलेली चळवळ होती. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1967 साली ओझ्याच्या मर्यादेचा करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोचा आकडा घातला. तो करार भारताने मान्य केला 2010 साली. मध्ये त्रेचाळीस वर्षे गेली. आमच्याकडे 1948 च्या कारखाना कायद्यात इजा होईल इतके जड ओझे कोणाकडून उचलवू नये, असे 34 वे कलम होते. किती किलो, हा आकडा मात्र त्या कलमाने राज्यांच्या नियमांवर सोडला होता.

ढबीचे इतके गोडवे गायल्यावर एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी मालकांच्या बाजूने बोलून गेलो असे होईल. कारखान्यांच्या भिंतींवर आपण चित्रे पाहतो: गुडघ्यात वाकलेला हसरा कामगार, खाली ‘योग्य पद्धतीने उचला’. 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. कामगारांना उचलण्याची पद्धत शिकवल्याने पाठदुखी टळते, याला पुरावा सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मी तो वाचला तेव्हा प्रथम रागावलो, कारण माझी कंबर तर ढबीनेच वाचली होती! पुष्कळ विचार केल्यावर मला जे दिसले ते असे. मला काठी मिळाली तेव्हा वजन शून्य होते, घाई नव्हती, आणि पाहणारा शेजारी होता. भिंतीवरच्या चित्राखाली उभ्या असलेल्या कामगारासमोर वजन तेच, पट्टा तोच, आणि तासाला नग तितकेच. चाळिसाव्या नगाला कोणाचे गुडघे वाकतात? अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने 1990 च्या दशकाच्या आरंभी उचलण्याचे एक गणित मांडले. सगळी परिस्थिती उत्तम असेल तर 23 किलो, तेथून सुरुवात. अंतर, वळण, वारंवारता जशी बिघडेल तसा हा आकडा खाली आणायचा. मला ते वाचून वस्ताद आठवले. त्यांनीही आधी ओझे हलके केले होते, ढब मागाहून शिकवली.

गेल्या काही वर्षांत आमच्या तालुक्यातल्या एका कारखान्याच्या करारात आम्ही एक मागणी घातली. नाव येथेही नको, बोलणी चालू आहेत. पाठीच्या किंवा खांद्याच्या दुखण्यावरून परत आलेल्या कामगाराला पहिले सहा आठवडे पुऱ्या पगारावर हलके काम द्यावे. पहिल्या आठवड्यात दहा किलोवर नाही, आणि पुढे दर आठवड्याला माप पुन्हा घ्यावे. व्यवस्थापनाचे गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी दाखला पुढे केला आणि विचारले, “डॉक्टर म्हणतात योग्य. मग तुम्ही अयोग्य कसे म्हणता?” मी म्हटले, “साहेब, योग्य आहे, पण किती किलोला योग्य ते यात कोठे लिहिले आहे?” त्यांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

सहा आठवड्यांचे तीन झाले, पुरा पगार मान्य झाला. अडले आहे ते एका गोष्टीवर. दर आठवड्याचे माप कोणी घ्यायचे? ते म्हणतात, पर्यवेक्षकाने. आम्ही म्हणतो, उचलणाऱ्याने, आणि डॉक्टरने शेजारी उभे राहून. मागच्या बैठकीला मी वेळूची काठी बरोबर नेली होती आणि त्या गृहस्थांना ती पाठीशी धरून वाकायला सांगितले. ते वाकले. काठी एका विताच्या आत सुटली, आणि ते मोकळेपणाने हसले. पुढची तारीख ज्येष्ठातली आहे.